थांबा तात्या

घाटघरला आमचं भात होळीपर्यंतही पुरायचं नाही. उन्हाळ्यात पाणीही नाही. आई झऱ्यावर बसून वाटीवाटीनं हंडा भरून आणायची आणि त्यातलं पहिलं पाणी तात्यांच्या जीपला जायचं. "पोरं तहानली तर रडतील तरी," तात्या म्हणायचे, "ही बिचारी गप जळून जायची." आई भांडी आपटायची. पण वडील गेल्यावर घर त्याच जीपवर चाललं होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

तात्या माझे चुलते. लिलावातली जुनी मिलिटरी जीप ते घाटघर-जुन्नर चालवायचे. एप्रिल-मेच्या उन्हात चढ दिसला की गाडी सावलीला लावायची, बॉनेट उघडायचं आणि बिडी पेटवायची. लोक त्यांना 'थांबा तात्या'च म्हणायचे.

"तात्या, लगीन लागून पोरं व्हतील आता!" लग्नाला निघालेलं कुणीतरी मागून ओरडायचं.

"हू द्या की. बारशाला पोचवतो."

रेडिएटरचं गरम झाकण ते कुणाला उघडू द्यायचे नाहीत. तापल्या इंजिनात गार पाणी ओतणाऱ्याला शिवी मिळायची. रेडिएटर गळायला लागला की आईच्या डब्यातली मूठभर हळद त्यात जायची. जुन्नरच्या स्टँडवरची नवी पोरं हे सगळं त्यांच्याकडेच शिकली.

माझ्या बी.ए.च्या शेवटच्या पेपराला एसटी आलीच नाही. तात्यांनी मला जीपमध्ये घातलं. जुन्नर थोडं राहिलं आणि रेडिएटरची रबरी नळी फुटली. पाणी सगळं रस्त्यावर. ओढा कोरडा, विहीर लांबच्या वाडीत. पाणी आणेपर्यंत पेपर सुटला असता. पुढचं वर्ष मला मिळणार नव्हतं; नापास झाले तर मांडवात उभी करायचं मामानं ठरवून ठेवलं होतं.

तात्यांनी बॉनेट खाली आपटलं. काटा लाल रेघेपार गेला. "तात्या, थांबा!" मी म्हणाले.

ते थांबले नाहीत.

जुन्नरच्या वेशीत इंजिन जाम झालं. मी पळत सुटले. परत आले तेव्हा ते चाकाला टेकून बसले होते.

"लिवलंस का समदं?"

"हो."

"मंग झालं."

जीप भंगारात गेली. तात्या स्टँडवर दुसऱ्याची गाडी मागायला गेले, तर त्यांच्याकडेच शिकलेली पोरं म्हणाली, "तुमी इंजिन जाळलंय, तात्या. मालक गाडी द्यायचा न्हाई." जन्मभर ते थांबले ते कुणी ध्यानात ठेवलं नाही. एकदा थांबले नाहीत, तेवढं ठेवलं. मी त्या पोरांशी भांडायला गेले, तर ती हसली. "पोरीच्या पेपरापायी इंजिन जाळलं, राव!"

पुढं गुडघे जाईपर्यंत तात्यांनी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलले.

त्यांच्या दहाव्याला तीच पोरं आली. जीपा सावलीला लावून त्यांनी बॉनेटं उघडून ठेवली. चहा पिता पिता एक जण म्हणाला, "म्हातारा लई हळू चालवायचा."

त्या पेपरात मी पास झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.