सेरियाने भरवलेला भात

सेरियाला पान न चघळता कुणी पाहिलं असेल, तर त्याने खुशाल माझ्यासमोर येऊन सांगावं. लग्नाच्या आधीपासून तिच्या गालात पान, सुपारी आणि चुना असायचाच. रोपं लावताना, भात कांडताना, पोराला थोपटताना, एवढंच काय, देवळात पाद्रीबाबांची पाठ वळली की तिथेसुद्धा. खांबांवरच्या तिच्या घराच्या शिडीखालची माती थुंकीने लाल झालेली. आमच्या बुलोद गावात सगळ्याच बायकांची अंगणं तशी. मग त्या लाल रंगात पानाचं किती आणि छातीतलं किती, हे कोण बघायला बसलंय? तिचं तिलाही कळलं नाही.

खोकला होता, नाही असं नाही. पण मळणीच्या दिवसांत कोंडा नाकातोंडात जातो आणि आमचं अर्धं पनाय बेट खोकतं. ती वाळत चालली होती, त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. शेतात राबणारी बाई गुबगुबीत कधी असते?

गुबगुबीत होती ती तिची आई, तोमासा. विधवा, साठी उलटलेली, लेकीकडेच राहायची. दंड मुसळासारखे, आणि चालली की घराची बांबूची जमीन वरखाली व्हायची. आमच्याकडे आईला आणि सासूलाही नानाय म्हणतात. जावई सेवेरो तिला चिडवायचा, "नानाय, तुमच्यापुढे माझी म्हैस लाजते हो!"

"म्हैस कशाला लाजेल? तू लाज," ती म्हणायची. "ऊन डोक्यावर आलं आणि स्वारी अजून कॉफीच पितेय!"

असं हसतंखेळतं घर होतं ते. मग थोरल्या आमादोला संध्याकाळचा ताप येऊ लागला. पोरगं खंगलं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं झालं, आणि गेलं. वर्ष लोटलं नाही तोच त्याच्या पाठची लुसिंग त्याच वाटेने गेली. दोघांचीही उशापायथ्याला बसून सेवा केली ती तोमासाने. त्यांचा घाम पुसला, ओकाऱ्या काढल्या, शेवटी डोळेही तिनेच मिटले. आणि म्हातारीला साधी शिंकसुद्धा आली नाही. गावाने नेमकं हेच हेरलं.

"घरातली सगळी झुरतायत आणि ही बघा कशी तुकतुकीत," पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या. "खातेय तरी काय ही?"

काय खातेय म्हणजे काळीजच, दुसरं काय! अस्वांग असतो तो दिवसा तुमच्याआमच्यासारखा माणूस असतो, आणि आपल्याच माणसांची काळजं आतून कुरतडून पोट भरतो. हे आमच्याकडे पोराटोरांनाही सांगावं लागत नाही. अमेरिकन साहेबांनी शाळा काढल्या, रस्ते केले, पण अस्वांग काही त्यांच्या आगबोटीत बसून निघून गेला नाही.

सेवेरोने आधी कानावर हात ठेवले. पण दोन पोरं पुरलेल्या बापाचं डोकं किती दिवस ठिकाणावर राहणार? त्याची नजर धाकट्या चोलिंगवर गेली. आमच्याकडे बाळाला भात भरवायचा तो आधी आपल्या तोंडात चावून, मऊ लगदा करून. पेज काय, आजाऱ्याचं खाणं. आमादो आणि लुसिंग सेरियाच्या तोंडचा भात खाऊन वाढले होते. चोलिंगच्या वेळी मात्र बाळंतपणानंतर सेरियाला उठवतच नव्हतं, म्हणून नातीला तोमासाच भरवत होती. पोरीने असं बाळसं धरलं होतं की गालाचा मुका घेतला तर ओठ रुतावेत. देवाचे आभार मानायचे, तर सेवेरोला वाटलं, म्हातारी कापण्याआधी डुक्कर पोसतेय.

त्याने वैदू बेर्नाबेला बोलावलं. बेर्नाबेने गुड फ्रायडेला कढवलेलं खोबरेल बाटलीत भरून आणलं आणि घराच्या आढ्याला टांगलं. अस्वांग जवळ आला की ते तेल उकळतं म्हणे. सगळे बघत बसले. तेवढ्यात तोमासा पाण्याची घागर कडेवर घेऊन धपधप शिडी चढून आत आली. बांबूची जमीन हलली, बाटली हिंदकळली, तेलाला फेस आला. त्या बाटलीखाली मी नाचलो असतो तरी फेस आला असता! पण हे बोलायचं कुणी? मीही नाही बोललो.

"नानाय, तुमचं बिऱ्हाड ओढ्यापलीकडच्या खोपटात हलवा," सेवेरो खाली मान घालून म्हणाला. "आणि चोलिंगला हात लावायचा नाही."

"अरे, पोरीला भरवणार कोण?"

"तिची आई मेली नाही अजून."

तोमासाने लेकीकडे पाहिलं. सेरियाला खरं तर उठून आईच्या गळ्यात पडायचं होतं. पण दोन कबरी डोळ्यांपुढे होत्या आणि तिसरी तिला खणायची नव्हती. काहीही करून ही पोर जगली पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने मान फिरवली. म्हातारी चटई काखेत मारून निघून गेली.

त्या दिवसापासून सेरिया चोलिंगला भरवू लागली. पान बाजूला काढून ठेवायची, भाताचा घास आणि सुकी मासळी मन लावून चावायची आणि पोरीच्या ओठांत सोडायची. सगळं प्रेम त्यात ओतायची बिचारी. पावसाळा सरता सरता चोलिंगचे गाल उतरले. संध्याकाळी अंग कोमट लागू लागलं.

"ती येते अजून," सेवेरो म्हणाला. "कशी येते, कुठून येते, तेवढं मला कळू दे."

आणि तोमासा येत होतीच. आजीचा जीव राहतो होय! कापणी सुरू झाली, सेवेरो शेतात असायचा, तेव्हा ती केळीच्या बागेतून घराच्या मागे यायची आणि फटीतून नातीला बघायची. एका दुपारी सेरियाने तिला पकडलं.

"नानाय, कशाला आलीस?"

"रताळं उकडलंय गं. पोर किती वाळली! सेरिया, माझं ऐक, तिला चार दिवस माझ्याकडे दे. नाही धरलं बाळसं तर मला वाटेल ते म्हण."

"दोघं नेलीस, पोट नाही भरलं?"

तिच्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. रताळं शिडीच्या पायरीवर ठेवून तोमासा आली तशी गेली.

सेरिया गप्प बसली असती तर? पण चोलिंग तापाने कण्हत होती. सेवेरो जेवायला आला तेव्हा तिने सांगून टाकलं, "आली होती. केळीच्या बागेतून येते. आत्ता ओढ्यावर असेल, धुणं धुवायला."

सेवेरो ताटावर बसलाच नाही. कापणीचा कोयता कमरेला होताच. भर उन्हात तो बांधावरून चालत गेला. दोन्ही बाजूंना माणसं भात कापत होती. तो कुठे निघालाय हे सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी माना खाली घालून कापणी चालू ठेवली. तोमासाची एकच किंकाळी आली, तीसुद्धा लेकीच्या नावाची.

तो आपणहून पोलिसांकडे गेला. "माझ्या पोरीला वाचवलं मी," म्हणाला, "गावाला विचारा." त्याला मनिलाच्या तुरुंगात धाडलं. गावाने सेरियाला तांदूळ आणून दिला, शेत कापून दिलं. आता पोर सुधारेल, सगळे म्हणत होते.

पोर सुधारेना. शेवटी सेरिया तिला पोटाशी बांधून बैलगाडीने शहरातल्या दवाखान्यात गेली. डॉक्टर कोवळा होता, नुकताच मनिलाहून आलेला, त्याला कुणाची काही माहिती नव्हती. चोलिंगला तपासता तपासता तो सेरियाचा खोकलाच ऐकत राहिला.

"बाई, ते पान थुंका. चूळ भरा. आता खोकून या वाडग्यात थुंका."

वाडगा पांढरा होता. लाल पडलं.

"पानाचं आहे ते," सेरिया म्हणाली.

"पुन्हा चूळ भरा."

तिने भरली. पाणी स्वच्छ आलं. मग ती खोकली, आणि वाडग्यात पडलं ते लालच.

"कधीपासून आहे हे?"

"असेल की... आमादो रांगत होता तेव्हापासून."

डॉक्टरने तिला क्षय म्हणजे काय ते सांगितलं. खोकल्यातून जातो, थुंकीतून जातो, चावलेल्या घासातून जातो. मग तिचा चेहरा बघून घाईने म्हणाला, "धीर सोडू नका. पोरीला नुकतीच लागण झालीय, ती वाचेल. फक्त तिला तुमच्यापासून दूर ठेवा. घरात कुणी धडधाकट माणूस आहे का? तिची आजी वगैरे?"

"होती."

"मग द्या की तिच्याकडे! कुठे असते?"

"आम्ही मारली तिला," सेरिया म्हणाली. "कोयता नवऱ्याचा. ती कुठे सापडेल, ते मी सांगितलं."

चोलिंगला भूक लागली होती, ती रडायला लागली. सेरियाने तिला टेबलावर ठेवलं आणि भिंतीपर्यंत मागे सरली. पोर हात पसरून रडत होती, आणि तिला उचलून घ्यायला तिचं असं कुणीच उरलं नव्हतं.