उष्टे पेले

आमच्या चिखलीच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचे पेले काचेचे होते, अंगठ्याएवढे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांत द्राक्षरस भरायचं काम माझं. द्राक्षरस आपला म्हणायचा. काळे मनुके भिजवून, उकळून, गाळून काढलेलं ते पाणी. भरण्याचं काम मानाचं. पाळकसाहेब ट्रे उचलतात तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिकडंच असतात, आणि सतरंजीवर एक थेंब सांडला तरी भरणारीचा उद्धार होतो. माझा थेंब कधी सांडला नाही, हे मी लोकांना अधूनमधून ऐकवायचीही.

उपासना संपली की ते पेले धुवायची मावशी. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हती. बाजारात धान्य निवडून म्हातारी झालेली, एकटी बाई. या कामावर तिला कोणी नेमलं नव्हतं. लोक एकमेकांना सलाम करून घराकडं निघाले की ती चर्चच्या मागं नळापाशी धोंड्यावर जाऊन बसायची. आमच्या भागात कोण कोणाचं उष्टं काढतं यावरून एके काळी माणसाची पायरी ठरायची. ती पायरी सोडून इकडं आलेल्या घरांतलीच आम्ही बरीचशी माणसं. त्यामुळं दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावायला आम्ही अजून जरा कचरतो. मावशी मात्र सगळ्यांचं उष्टं ओच्यात घेतल्यासारखं घेऊन बसायची, आणि आम्ही खुशाल घरी जाऊन मटणाला फोडणी द्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली. त्यात एक पेला फुटून मावशीचा तळवा कापला. तिची बोटं संधिवातानं वाकलेलीच होती. कमिटीला दया आली. खामगावहून प्लास्टिकचे पेले आणायचे, वापरायचे आणि फेकायचे, असं ठरलं. पाणी वाचेल, म्हातारीला आराम मिळेल. कमिटीत बाई मी एकटीच, तेव्हा बाईला बाईनंच सांगावं म्हणून मला धाडलं.

मावशी दारात तूर पाखडत होती. मी सांगितलं तसं तिचं सूप थांबलं.

"काऊन वं? माह्या हातून काई चुकलं का?"

"चुकलं कुठं, मावशी? आता आराम करा म्हणतात."

"हाव," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून, "पन मंग मी मंडळीत करू काय?"

म्हाताऱ्या माणसांना आपण जे सांगतो तेच मी सांगितलं. "आमच्यासाठी प्रार्थना करा."

"थे कुठी बसून करू?"

मला हसू आलं. म्हटलं, घरी बसून करा, देव घरीही ऐकतो. ती पुन्हा पाखडायला लागली, पण तूर सुपात कमी आणि जमिनीवरच जास्त पडत होती. मी तिथून उठले तेव्हा मला बरं वाटत नव्हतं.

पुढच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन झालं. प्लास्टिकचे पेले एका गोणीत भरले, गोणी दाराशी ठेवली. अंगणात गप्पा मारून मी ती फेकायला घ्यायला गेले, तर गोणी गायब. चर्चच्या मागं गेले. मावशी धोंड्यावर बसलेली, पुढ्यात घमेलं, त्यात थोडंसं पाणी. ती एकेक पेला धूत होती आणि धुतलेला पेला पुन्हा त्याच गोणीत टाकत होती.

"मावशी, येड लागलं का? फेकायचेच आहेत ते!"

"फेका ना. मी कुठी नाई म्हन्ली?"

तिचे ओठ हलत होते. मी जवळ गेले. आमच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ सभासदांचं नाव तिनं घेतलं. ते तेव्हा बुलढाण्याला दवाखान्यात होते. "बापा, त्याच्या पोटात अन्न टिकू दे." पेला गोणीत. दुसरा उचलला. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीचं नाव. "तिचा दम फुलू नको देऊ." पेला गोणीत. मग पाळकबाईंचं नाव. "बापा, तिचा राग जराक कमी कर, आमी बी मानसंच हाओत."

"कोणता पेला कोणाचा, हे कसं कळतं तुम्हाला?"

"मले काय मालूम? देवाले मालूम. मी आपली एकेकाले हातात धरते."

माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की ही बाई काच धुते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी, लेकीच्या बाळंतपणात, दर महिन्याला मीही या पाण्यातून निघाले होते आणि मला पत्ता नव्हता. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. आत वेदीपाशी मला असं कधी वाटलं नव्हतं.

गोणीत एक पेला कोरडाच निघाला, न वापरलेला. तो तिनं पाण्यात बुडवला आणि माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं.

माझा नवरा कमिटीच्या निवडणुकीत पडल्यापासून चर्चची पायरी चढलेला नाही, आणि त्यावरून घरी माझं त्याच्याशी रोज वाजतं. ज्या गृहस्थांनी त्याला पाडलं त्यांच्याशी त्याची भर अंगणात तू-तू मैं-मैं झाली होती. ते गृहस्थ आजही दर रविवारी मला सलाम करतात आणि मी आभाळाकडं बघते. नवऱ्याची बाजू म्हणून नव्हे, मला मनापासून त्यांचा राग आहे. मात्र त्या नवऱ्याचं नाव आता तिच्या तोंडून ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. मी पदर खोचून खाली बसले.

"द्या मावशी, यांचा पेला मी धुते."

तिनं हात मागं घेतला. "तू नोको धू. तू त्याच्यावर चिडेल हायेस. घासून घासून फोडशील त्याले."

मग तिनं गोणीतला दुसरा एक पेला काढून माझ्या तळव्यावर ठेवला आणि त्या गृहस्थांचं नाव सांगितलं.

"हा धू."

पेल्याच्या तळाशी लाल थेंब होता. मी तो पाण्यात बुडवला, बोट फिरवलं, निथळला आणि गोणीत टाकायला हात पुढं केला. तिनं माझं मनगट धरलं.

"नाव नाई घेतलं तू."

मी हात ओढून पाहिला. मावशीनं मनगट सोडलं नाही. अंगणातून पोरांचा आवाज येत होता. शेवटी मी ते नाव घेतलं.