बांधलेला डावा हात

माझ्या मोठ्या जाऊबाईंशी मी बोलत नाही. एवढं काय मनात धरून बसायचं, असं नातेवाईक विचारतात. मी धरून बसले आहे आणि सोडायचा विचारही नाही.

तेव्हा आम्ही टेंभुर्णीला एकत्र राहत होतो. मी जाफराबादला एका कार्यालयात कारकून. सकाळी जीपनं जायचे, संध्याकाळी यायचे. जाऊबाई गावातल्या एका खाजगी शाळेत शिकवायच्या आणि माझी मुलगी त्याच शाळेत दुसरीला होती. घरात शिक्षिका असताना बाहेर शिकवणी कशाला, म्हणून दुपारी शाळा सुटल्यावर ती आणि जाऊबाईंची दोन्ही मुलं त्यांच्यापुढे अभ्यासाला बसायची.

मुलगी वाचताना अडायची. घ आणि ध, भ आणि म, सगळी गल्लत. वरच्या ओळीत कसाबसा वाचलेला शब्द खालच्या ओळीत आला की तिला तो नवाच वाटायचा. फ्रॉकची बटणं लावायला, बुटाची नाडी बांधायलाही ती उशिराच शिकली. आणि उजव्या हातानं लिहायला लागली की तिचा डावा हात आपोआप हलायचा. रिकामी बोटं मिटायची, उघडायची, अंगठा बोटावर घासायचा. तिला त्याचा पत्ताही नसायचा. मला वाटायचं, लहान आहे, जाईल हळूहळू.

जाऊबाईंना मात्र ते बघवत नसे. "हात गप ठेव! काय चाळे करून राह्यली?" माझ्यासमोर त्या एवढंच म्हणायच्या. माझ्यामागं काय चालतं, ते मला ठाऊक नव्हतं.

एकदा कार्यालयात वीज नव्हती, म्हणून दुपारीच सुट्टी मिळाली. घरी आले तर मुलीचा डावा हात खुर्चीच्या दांडीला ओढणीनं बांधलेला. उजव्या हातानं ती लिहीत होती. बांधलेल्या हाताची बोटं तरीही हलत होती, आणि ती हलली की जाऊबाईंची मुलं हसत होती. वहीतली अक्षरं नेहमीपेक्षा वेडीवाकडी झाली होती.

"हे काय चाललंय, ताई?"

"शिस्त," जाऊबाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. "रोज बांधते मी. तू लाडावून ठेवली, मंग कुणीतरी वळण लावायला पाह्यजे का न्हाई?"

रोज. तो शब्द मला अजूनही ऐकू येतो. गाठ इतकी आवळलेली होती की मला ती दातांनी सोडवावी लागली. मनगटावर लाल वळ होता. मी मुलीला विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती जाऊबाईंकडे न बघता म्हणाली, "काकू म्हणल्या, आईला सांगितलं तर दोन्ही हात बांधीन."

मी ओढणी त्यांच्या अंगावर फेकली. तोंडाला येईल ते बोलले. सासरे बाहेरून आले आणि मलाच म्हणाले, "तिच्या भल्यासाठीच केलं न तिनं? मारलं तर न्हाई?" नवरा आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घरातली गोष्ट हाये, घरातच राहू दे." त्या दिवशी त्याचाही मला तेवढाच राग आला.

आठवड्याभरातच मी मुलीला जालन्याला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला एका हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांना पाळीपाळीनं लावायला सांगितलं. दुसरा हात लगेच तसंच करू लागला. त्या शांतपणे म्हणाल्या, "लहानपणी बऱ्याच मुलांचं असं होतं. एका हाताला मेंदू हुकूम देतो, तो दुसऱ्या हातालाही थोडा पोचतो. वाढत्या वयात ते कमी होतं. वाचायला जड जाणाऱ्या काही मुलांमध्ये जास्त दिवस टिकतं. ती मुद्दाम करत नाहीये."

"आणि हात बांधून ठेवला तर?"

त्यांनी चष्मा काढला. "कुणी बांधला?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळं लक्ष त्या हाताकडेच जाईल. लिहिणार कधी?" वाचनाची तपासणीही करून घ्या, असं सांगून त्यांनी छत्रपती संभाजीनगरचा पत्ता दिला. तिथं डिस्लेक्सियाचं निदान झालं.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टरांचं काय जातं बोलायला? अन् खरंच तसं असंल तर मंग पोरगी मंदच हाये म्हण की." पुढच्या काही दिवसांत हा शब्द गल्लीतल्या बायांच्या तोंडी आला. कुणी पसरवला, हे विचारायची गरज नव्हती.

मी जाफराबादला दोन खोल्या पाहिल्या आणि मुलीला घेऊन निघाले. नवऱ्याला म्हणाले, "यायचं तर या, न्हाई तर राहा इथंच." तो उशिरा आला, पण आला. मुलगी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली. तिथल्या बाई तिला तोंडी उत्तरं द्यायला लावायच्या. हाताबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत.

आता ती आठवीत आहे. वाचते सावकाश, बोट ठेवून. डावा हात आता खूप दमल्यावरच हलतो.

यंदा अंबडला नात्यातल्या एका लग्नात जाऊबाई समोर आल्याच. चार बायांत बसून सांगत होत्या, "हिला मीच वळणावर आणली." मग मुलीला जवळ बोलावून त्यांनी लग्नपत्रिका तिच्यापुढं धरली. "वाच बघू. सगळ्यांना ऐकू दे."

मी पुढे निघाले होते, पण त्याआधीच मुलगी बोलली. "काकू, मी तुमच्यासमोर वाचत न्हाई."

"का ग?"

"तुम्ही माझा हात बांधला होता."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. जाऊबाई हसल्या, म्हणाल्या, लहानपणीचं काय घेऊन बसलीस. मुलगी वळली आणि जेवणाच्या मांडवाकडे गेली. मीही तिच्यामागं गेले. आम्ही पोटभर जेवलो आणि जाऊबाईंचा निरोप न घेताच एसटी पकडली.