वाकळेखालचं रेकॉर्डिंग

"सतरा चोक अडुसष्ट, शिट्टी झाली गं गॅस बंद कर, सतरा पाचे पंच्याऐंशी..."

ऊसतोडीवरून परतलेली माझ्या वर्गातली लेकरं एका सुरात पाढा म्हणत होती. मी फळ्याकडे तोंड करून हसू दाबत होते. कुणी चुकत नव्हतं, कुणी अडत नव्हतं. त्यांच्या लेखी सतराचा पाढा असाच होता.

गेवराई तालुक्यातल्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिक्षिका होते. बाजाराला उमापूर नाहीतर चकलांबा गाठायचं, असं ते गाव. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या लागायच्या आणि दिवाळीनंतर माझा वर्ग निम्मा ओस पडायचा. आईबाप ऊस तोडायला कारखान्यांच्या मुलखात गेले, की त्यांच्याबरोबर लेकरंही जायची. उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची तेव्हा जूनपासून शिकवलेलं सगळं पुसलेलं असायचं. मग मी एका वर्षी घरच्या टेपरेकॉर्डरवर पाढे, कविता आणि मराठीचे धडे बोलून कॅसेटी भरल्या आणि टोळ्यांबरोबर पाठवून दिल्या. टोळीत कुणाकडे तरी टेप असायचाच. रेकॉर्डिंग करताना आतल्या खोलीत कुकर चढवलेला होता. तो मध्येच बोलला आणि मी नणंदेला हाक मारली. टेपवर तेवढाच तुकडा काढायची सोय नव्हती. पुसायला गेलं तर पुढचा आकडाही पुसला जायचा. म्हणून राहू दिलं.

पण त्या दिवशी हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की लेकरांना शिट्टीसकट पाठ झालं होतं. म्हणजे त्यांनी ती कॅसेट किती वेळा लावली असेल! उसाच्या पाचटात, कोपीच्या म्हणजे पाचटाच्या खोपटाच्या दारात बसून माझा आवाज कुणीतरी रोज ऐकत होतं. मग तो नीट का नसावा?

आमच्या हेडमास्तरांच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. तालुक्याहून जीपमधून आला होता. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणलेल्या माणसानं एकदा चालू करून दाखवला आणि मग त्याच्यावर फुलाफुलांचा अभ्रा चढला तो कायमचा. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत बीडला कॉम्प्युटरचा क्लास केला होता. तिथं शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा आमचा आवाज रेकॉर्ड करून दाखवला होता. काळ्या चौकटीत हिरवी रेघ आवाजाबरोबर वरखाली व्हायची, आणि एका मुलीला आलेला खोकला त्यांनी मधून अलगद कापून काढला होता. तो कापलेला खोकला माझ्या डोक्यातून जात नव्हता.

"सर, आपण तो कॉम्प्युटर वापरायचा का?" मी विचारलं.

हेडमास्तर निवृत्तीला टेकलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "वापरतो की. पाहुणे आले की दाखवतो."

"तसं नाही. त्याच्यावर धडे रेकॉर्ड करायचे. फडावरच्या लेकरांसाठी."

"अन् बिघडला म्हणजे?"

"दुरुस्त करू."

"कोण करील?"

"मी," असं मी म्हणून बसले.

 सरांनी उठून स्वतःच्या हातानं अभ्रा काढला, झटकला आणि घडी करून टेबलाच्या खणात ठेवला.

प्रार्थनेचा माईक आमच्याकडे होता, पण त्याची पिन जाडजूड आणि कॉम्प्युटरचं भोक बारीक. गेवराईहून मधला जोड आणला. माईक लावला, रेकॉर्डचं लाल बटण दाबलं आणि सरांना म्हटलं, "बोला." सर म्हणाले, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." हिरवी रेघ जागची हलली नाही. सर आणखी मोठ्यानं बोलले. बाहेर खेळणारी मुलं थांबली, पण रेघ तशीच आडवी.

"बाई, हा ठार बहिरा दिसतो," सर म्हणाले.

मी पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली, माईक बदलून पाहिला, वायर हलवून पाहिली. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या कर्ण्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली, तेव्हा आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या उघडल्या. तिथं शोधता शोधता कळलं की ऐकायच्या पट्ट्या वेगळ्या आणि रेकॉर्ड करायच्या वेगळ्या. रेकॉर्डच्या यादीत माईकसमोर खूणच नव्हती. मी खूण केली. सर तेवढ्यात घसा खाकरले आणि रेघ टुणकन उडाली. तिच्याबरोबर सरही दचकले.

आनंद टिकला तो पहिलं रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत. आवाज आला होता, पण त्याच्या मागे एक भुंगा होता. घूं असा एकसारखा आवाज, कुणी शब्द बोलो न बोलो. मी माईक लांब नेला, पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. भुंगा जागचा हलेना. दोन-तीन दिवस आम्ही त्याच्यामागे होतो. इतर गुरुजी दारातून डोकावून जायचे आणि म्हणायचे, "बाई, ऱ्हाऊ द्या आता, टेपच बरा हाय."

मग एकदा वैतागून मी कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यावर हात टेकला. बोटांना झिणझिण्या आल्या आणि त्याच वेळी भुंगा निम्मा झाला. हात काढला की वाढला. ठेवला की कमी.

"सर, ह्याला अर्थिंग नाही!"

सर खुर्चीतून उठले. त्यांनी उभ्या नोकरीत विज्ञान शिकवलं होतं. मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला, तर अर्थिंगची वायर गुंडाळून भिंतीतल्या खोबणीत कोंबून ठेवलेली. ती कशालाच जोडलेली नव्हती. सरांचा चेहरा असा उजळला की जणू परीक्षेत त्यांच्याच आवडीचा प्रश्न आला. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर आकृतीच काढली. खड्डा, पत्रा, कोळसा, मीठ, पाणी.

"आयुष्यभर ही आकृती काढतोय बाई," ते म्हणाले, "पण खरा खड्डा काही आजवर केला नाही."

"करायचा कुठं? आपली जमीन तर खडखडीत कोरडी."

सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "रांजणापाशी." मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा रांजण ओसरीच्या टोकाला होता. तिथं सांडून झिरपून जमीन कायम ओली असायची. गावातल्या वायरमनला बोलावून वायर तिथपर्यंत ओढून घेतली. खड्ड्यात कोळसा आणि मीठ सरांनी स्वतः, धोतराचा काचा मारून, थरावर थर घातले. आत येऊन रेकॉर्डचं बटण दाबलं. काहीच बोललो नाही. पुन्हा लावून ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. आम्ही दोघंही त्या शांततेकडे कान लावून बसलो होतो, आणि सर एकदम टाळी वाजवून म्हणाले, "उडाला बघा भुंगा!"

पुढची अडचण भलतीच होती. रेकॉर्डिंग एका मिनिटाला आपोआप थांबायचं. धडा रंगात आला की हा गप्प. पुन्हा बटण दाबावं लागे, आणि मधे शब्द तुटे. क्लासमधल्या मॅडमना मी चकलांब्याच्या एसटीडी बूथवरून फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यात तेवढंच होतं. दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल." ते कुठून आणायचं?

मी रेकॉर्डिंगच्या त्या छोट्या खिडकीतली एकेक आज्ञा उघडून बघत बसले. एक होती, दुसरी फाइल मध्ये घालायची. मी एक मिनिटाची नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि तिच्यातच तिला पुन्हा घातलं. दोन मिनिटं झाली. ती दोन ठेवून घेतली आणि दोनात दोन घातली. चार. चारात चार, आठ. पाढे शिकवणारी बाई मी, मला हसूच आवरेना. असं करत लांबच लांब कोरी शांतता तयार केली आणि मग पहिल्यापासून तिच्यावर बोलायला सुरुवात केली. मिनिट उलटलं. मी बोलत राहिले. रेघ चालत राहिली. त्या क्षणी मला जे वाटलं ते नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही वाटलं नव्हतं.

आता राहिला घुमणारा आवाज. वर पत्रे, खाली फरशी, भिंती उघड्या. बोललं की विहिरीत बोलल्यासारखं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेसमोरच राहायची. नवरा-बायको दरवर्षी ऊस तोडायला, कोयत्यावर जायचे. तिच्याकडे मी वाकळा, जाड गोधड्या मागायला गेले.

"कावून पायजेत बाई? पाव्हणे आलेत का?"

"नाही गं, आवाज गुंडाळायचाय."

ती कंबरेवर हात ठेवून हसली. "आवाजाला बी थंडी वाजती का?" पण दोन चांगल्या जाड वाकळा खांद्यावर टाकून ती माझ्याबरोबर आली, आणि दोरी बांधून कशा टांगायच्या तेही तिनंच ठरवलं. हेडमास्तरांच्या खोलीच्या कोपऱ्यात वाकळांची एक कोपीच झाली. आत एक खुर्ची, एक माईक. कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येऊ नये म्हणून तो लांब, दुसऱ्या भिंतीशी.

पाढे आणि धडे मी बोलले. चुकलं की थांबायचं, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, आणि नंतर चुकलेलं कापून टाकायचं. पहिली चूक कापली तेव्हा सर माझ्या खांद्यावरून बघत होते. "गेली?" "गेली." "कुठं गेली?" 

मग मी सरांना म्हटलं, "एक गोष्ट तुम्ही सांगा." ते लाजले. पण त्यांच्या गोष्टी मुलांना फार आवडायच्या. एका दुपारी ते वाकळेत शिरले आणि आजोळच्या विहिरीवरच्या भुताची गोष्ट त्यांनी अशी रंगवून सांगितली की दाराशी मुलं गोळा झाली. भूत विहिरीतून वर येणार, इतक्यात लाईट गेली. पडदा काळा. मी काही साठवून ठेवलंच नव्हतं. गोष्ट गेली.

सर घामानं चिंब होऊन बाहेर आले.  धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले, "जाऊ द्या. आता गोष्ट तापलीये. दुसऱ्यांदा जास्त चांगली सांगतो." लाईट आल्यावर खरंच त्यांनी जास्त चांगली सांगितली. आणि एक युक्ती केली. दर थोड्या वेळानं थांबून ते वाकळेच्या फटीतून हात बाहेर काढायचे. हात दिसला की मी सेव्ह करायची. हात आत गेला की भूत पुढं सरकायचं.

दसऱ्यापर्यंत आमच्या कॅसेटी तयार झाल्या. कॉम्प्युटरचा आवाज वायरीनं टेपमध्ये घेऊन एकेक भरली. गाड्या निघाल्या तेव्हा प्रत्येक टोळीत एकीच्या तरी गाठोड्यात त्या होत्या. वाकळावाली म्हणाली, "लई जपून न्हेते बाई." वाकळा मात्र ती ठेवून जायला निघाली होती. मीच बळंबळं परत दिल्या. उघड्या रानात तिला त्या लागणारच होत्या.

टोळ्या परतल्या तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. वाकळावाली घरी सामान टाकून थेट शाळेत आली. डोक्यावरचा पदरही धुळीनं माखलेला.

"बाई, तुमची कॅसेट टॅक्टरात वाजती!"

"म्हणजे?"

"आवो, आमच्या टेपाचे सेल संपले. मंग डायवर म्हणला, आन इकडं. त्याच्या टॅक्टरला मोठा टेप हाय. ऊस भरताना त्यो रोज लावायचा. समद्या फडाला ऐकू जायचं. दुसऱ्या टोळ्यांची लेकरं बी येऊन बसायची. भुताची गोष्ट लागली की बाया कोयता खाली ठिवायच्या. अन् डायवरला आता तीसापत्तर पाढे येत्यात!"

मी तिला घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि तिला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं.  सर चष्मा काढून पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. फडावरून आलेल्या लेकरांना मी उभं केलं. पाढे घेतले. धडे विचारले. इथं राहिलेल्या मुलांना जिथं अडत होतं तिथं ही उसातली मुलं पुढं होती. वाकळावालीच्या मुलीला मी गोष्ट सांगायला सांगितली, तर ती सरांसारखीच आवाज खाली आणून, थांबत थांबत, भुताला विहिरीतून वर आणू लागली.  तिनं गोष्ट संपवली तेव्हा आधी टाळ्या सरांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी.

त्या वर्षी फडावरून आलेलं माझ्या वर्गातलं एकही लेकरू नापास झालं नाही. मी निकाल वाचून दाखवला आणि आया ओसरीवर उभ्या राहून एकमेकींना हसत ढकलत होत्या.

पुढच्या दसऱ्याच्या आधी एक रिकामा ट्रॅक्टर शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला. कुणी अनोळखी माणूस खाली उतरला. त्याच्या हातात पिशवीभर कोऱ्या कॅसेटी होत्या. तो सिरसाळ्याकडचा होता आणि इतक्या लांबून विचारत विचारत आला होता.

"गुर्जी, ती टॅक्टरात वाजती ती उसाची शाळा हीच का? आमच्या टोळीच्या लेकरायला बी ह्या भरून पायजेत."

सर निवृत्त झाले होते, पण त्या दिवशी सहज शाळेत आलेले. ते माझ्याआधी उठले, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "हीच. या, बसा. बाई, कॉम्प्युटर चालू करा."