कुंभारणीचं घर

माझ्या सासूबाईंचा, आमच्याकडच्या रीतीनं आत्यांचा, माझ्यापेक्षा कुंभारणीवर जास्त जीव होता. कुंभारीण म्हणजे मातीचं घर बांधणारी बारीक कमरेची गांधीलमाशी. ती घरात बांधायला लागली की पाळणा हलणार, असं आमच्याकडं मानतात. लग्नाला बरीच वर्षं होऊन मला पहिल्यांदाच दिवस गेले होते, आणि हिनं नेमकी माझ्या खोलीची चौकट धरली. मग काय विचारता! चौकटीला केरसुणी लावायची नाही, दार आपटायचं नाही.

घरामागं आमचा झेंडूचा मळा. नवरात्रात फुलं तुळजापूरला जायची. कळ्यांवर हिरवी अळी दिसली तसा ह्यांनी फवारणीचा पंप पाठीला लावला. आत्या बांधावर आडव्या उभ्या राहिल्या.

"औषध मारायचं न्हाय. कुंभारीण मरंल."

ह्यांनी कपाळावर हात मारला. मी ओसरीत बसून बघायचे. ती झेंडूवरनं अळी उचलायची, ओझ्यानं हेलकावत यायची आणि मातीच्या खोलीत कोंबायची. होणाऱ्या पिलाची शिदोरी. माझ्या ताटात आत्या भाकरीवर लोणी घालायच्या, तसंच. मळा त्या वर्षी औषधाशिवाय तरला.

नवरात्र उठलं आणि पाचव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं.

दवाखान्यातून घरी आले तर आत्या माझ्याशी एक शब्द बोलेनात. चुलीपुढं नुसत्या बसून राहायच्या. मलाच दोष देतायत, असं वाटून मी आतून पार तुटले. बाळ गेलंच होतं, आता घरही परकं झालं.

मग एका सकाळी त्या खुरपं घेऊन आल्या आणि चौकटीवर घाव घातला.

"खोटारडे! माझ्या लेकीला आस लावलीस!"

मातीचं घर खाली पडून फुटलं. आतून हिरव्या अळ्या सांडल्या, आणि त्यांच्यात एक पांढरं, इवलंसं पिलू वळवळत होतं.

आत्या खाली बसल्या. त्यांनी पिलू पदराच्या टोकानं उचललं, मातीचे तुकडे गोळा केले आणि थुंकी लावून ते जोडायला लागल्या. माती धरेना. तरी त्या जोडतच होत्या.

"आत्या, राहू द्या. आता न्हाय जुळायचं."

त्यांनी वर बघितलं. डोळे भरून वाहत होते.

"हातात आलं असतं तर तुझं बी जोडलं असतं गं म्या."