जिन्याखालची खोली

मावशींना पासष्ट पूर्ण झाली, तशी लेक वृद्धांच्या सरकारी पेन्शनचा अर्ज घेऊन आली. औषधांच्या दुकानात काम करते, भराभर लिहिते. नाव झालं, वय झालं आणि पत्त्यापाशी पेन अडलं.

"आई, आपल्या खोलीचा नंबर काय गं?"

नंबर नव्हताच. चार मजली इमारतीच्या जिन्याच्या पोटात ती खोली. कॉटवर ताठ बसलं की डोकं पायरीला लागायचं. नवरा इथला रखवालदार, म्हणून मिळालेली. तो गेल्यावर पंप, फाटक, जिना मावशींनीच सांभाळला आणि दारात टेबल मांडून इस्त्री सुरू केली.

सरकारी कचेरीत खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "पंधरा वर्षं राहता असं सोसायटीचं पत्र आणा. राहता कशाच्या आधारावर, तेही हवं. मालक, भाडेकरू, नोकर?"

"मी इस्त्री करते."

"ते नाही विचारलं, बाई."

सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरचे. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला गोड. पत्र त्यांनी दोन दिवसांत टाइप करून दिलं. लेकीने वाचलं: 'सदर महिला सोसायटीच्या दयेने तात्पुरती राहत असून खोलीवर तिचा हक्क नाही. सांगताच ती खोली रिकामी करील.' खाली मावशींच्या सहीसाठी जागा.

"करून टाक सही," लेक म्हणाली. "शब्दांनी काय अंगाला भोकं पडतात?"

"पेन्शन येईल आणि छप्पर जाईल. तात्पुरती म्हणे! तू काय तात्पुरती जन्मलीस इथे?"

मावशी तशाच तिसऱ्या मजल्यावर गेल्या. "साहेब, ती ओळ खोडा."

"अहो, पद्धत असते ती. मनाला काय लावून घेता?"

"पद्धतच आहे, तर खोडायला काय जातं?"

"ते जमणार नाही."

"मग मी इथे राहतच नाही असं धरा."

इमारतीतल्या अकरा घरांच्या किल्ल्या मावशींच्या भिंतीवर खिळ्यांना असायच्या. कपडे ओळखायला प्रत्येक घराचा एक रंग ठरलेला. त्याच रंगाचा दोरा कॉलरच्या आत आणि त्याच रंगाचा किल्लीला. सकाळी त्यांनी सगळे दोरे कात्रीने कापले आणि किल्ल्या डब्यात भरून सेक्रेटरींच्या हातात दिल्या.

"यातली कुणाची कुठली?"

"मला काय ठाऊक? दोरे माझे होते, ते मी ठेवले."

दुपारी शाळेतून मुली आल्या, गॅसवाला आला, रात्रपाळीला जोडून सकाळचीही पाळी करून दुसऱ्या मजल्यावरची नर्स आली. ज्याला त्याला मावशींनी पत्राचं सांगून वर बोट दाखवलं. सेक्रेटरी डबा घेऊन जिना चढत होते, उतरत होते, एकेका कुलुपात अकरा-अकरा किल्ल्या घालून बघत होते. नर्सच्या दारात नववी किल्लीही लागेना, तेव्हा ती भडकली.

"काका, मला झोप हवीय. त्या बाईंना काय हवं ते लिहून द्या! नाहीतर आम्ही दहा घरं सह्या करून देतो आणि तुमची सही नाही म्हणून खाली टीप टाकतो."

संध्याकाळी सेक्रेटरी कोरा कागद घेऊन खाली आले. "सांगा, काय लिहू?"

"खरं ते लिहा. छत्तीस वर्षं इथे राहते. पंप, फाटक आणि जिना सांभाळते, त्याच्या मोबदल्यात खोली."

"दयेचं..."

"दया कुणी केली असेल तर त्याचं नाव लिहा."

त्यांनी सही केली, शिक्का मारला. मावशींनी लेकीकडून पत्र दोनदा वाचून घेतलं, मगच किल्ल्यांचा डबा मागितला.

खिडकीवर कारकुनाने पत्र उलटसुलट पाहिलं. "मोबदल्यात म्हणजे नोकरच ना?"

"लिहिलंय तेवढंच. वाढवू नका."

त्याने अर्ज ठेवून घेतला. "चौकशीला माणूस येईल. घरी सापडाल ना?"

"छत्तीस वर्षं सापडतेय," मावशी म्हणाल्या. "पावती द्या."