सगळे रिपोर्ट नॉर्मल

माझ्या भाचीच्या छातीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून माझ्या भावानं अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. या गोष्टीला बरेच महिने झाले, तरी आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोक म्हणतात, अक्का, तुमचा स्वभावच तापट. आहेच. बेंगळुराजवळच्या आनेकलच्या शाळेत दहावीच्या पोरांना वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं की देवमाणूससुद्धा तापट होईल. पण पेढ्यांचा राग हा स्वभावाचा राग नव्हे. तो मी जपून ठेवला आहे.

आमचं घराणं बेंगळुरातलं जुनं. कुठल्याशा फौजेबरोबर पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पुण्याहून आलेली माणसं तोंडावर हात ठेवून हसतात. मी लग्न केलं नाही, भावाकडे राहते. तो माझ्यापेक्षा लहान. जुन्या पेटेतलं, म्हणजे बाजारपेठेतलं, भाड्याचं घर सोडून त्यानं सर्जापूर रोडवर फ्लॅट घेतला, तो काही हवेसाठी नव्हे. मुलीचं कॉलेज तिथून जवळ होतं.

इथे अकरावी-बारावीला पीयू म्हणतात. भाचीचं पीयू कॉलेज साधं नव्हतं. त्याच्या पोटातच मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची शिकवणी होती, त्यामुळे पोरं सकाळी आत गेली की संध्याकाळीच बाहेर. दर शनिवारी चाचणी. आणि सोमवारी त्या चाचणीच्या क्रमांकाप्रमाणे बसायचं. ज्याला जास्त मार्क तो फळ्यापाशी, ज्याला कमी तो मागच्या भिंतीपाशी. आज तुमचा मुलगा किंवा मुलगी कुठल्या बाकावर बसली आहे, असा मेसेज आईबापांच्या फोनवर यायचा. मी शिक्षिका आहे, शाळांमधला बराच मूर्खपणा पाहिला आहे, थोडा हातून घडलाही असेल. पण पोरांना आठवड्याच्या आठवड्याला भाजीसारखं निवडून वेगळं करायचं, वरून त्याची वर्दी घरी द्यायची, ही अक्कल ज्या माणसाला सुचली त्याला एकदा त्याच भिंतीपाशी बसवायला हवं.

भाची दहावीला शाळेत पहिली आलेली. कॉलेजात सुरुवातीला ती पुढे होती, मग एकेक बाक मागे सरकत गेली. भाऊ सोमवारी दुपारी ऑफिसात मेसेज बघायचा आणि संध्याकाळी घरी येऊन चपला काढायच्या आधी विचारायचा, "काय गं, परत मागं?" तो वाईट माणूस नाही. मुलीवर त्याचा जीव आहे. म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा, कारण वाईट माणसाला निदान टाळता येतं.

एका शनिवारी चाचणी चालू असताना तिचा श्वास अडकला. छातीत कळ, हातापायांना मुंग्या, आणि बोटं अशी आखडली की पेन हातातून सुटेना. कॉलेजच्या आयाबाई तिला रिक्षात घालून घरी घेऊन आल्या. भाची पांढरीफटक पडली होती. मला म्हणाली, "आत्या, मी मरतेय." मी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि सांगितलं, आधी श्वास सोड, घेऊ नकोस, सोड. हळूहळू बोटं सुटली. तोवर भाऊ आला आणि आम्ही हृदयाच्या हॉस्पिटलात गेलो.

तिथे ईसीजी झाला, इको झाली, रक्त काढलं, थायरॉइड तपासलं. मी व्हरांड्यात भावाला म्हणाले, "अरे, हे छातीचं नाही. ही भीती आहे. मेंदूतली."

"मेंदूतली म्हणजे? अक्का, माझ्या मुलीला वेड लागलंय म्हणतेस काय?"

"वेड कोण म्हणालं? आपल्या फ्लॅटमध्ये धुराचा अलार्म आहे ना? वहिनी मिरचीची फोडणी देते तेव्हा तो बोंबलतो. आग नसते, पण अलार्म खरा असतो, आवाज खरा असतो, कान खरे फुटतात. हिच्या डोक्यात तसंच झालंय. चाचणी म्हटलं की मेंदूला वाटतं वाघ आला. मग तो काळजाला सांगतो पळ, श्वासाला सांगतो पळ. ती नाटक करत नाही."

"मग विचार करून थांबवायचं. एवढी हुशार आहे."

"विचार करून थांबवणारा मेंदूचा जो भाग असतो तो पंचविशीपर्यंत पक्का होत नाही. आणि अलार्म वाजायला लागला की आपल्यासारख्या घोड्यांचाही चालत नाही. तू आत्ता विचार करून शांत आहेस का?"

तो शांत नव्हता. त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि तिथल्या तिथे नवस बोलला, रिपोर्ट नॉर्मल आले तर सत्यनारायण घालीन. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, "काही नाही हिला, टेन्शन असेल, बघा." त्यातलं "काही नाही" तेवढं माझ्या भावानं ऐकलं. "टेन्शन असेल, बघा" हे त्याच्या कानात शिरलंच नाही. हॉस्पिटलाच्या पायऱ्या उतरून तो तडक मिठाईच्या दुकानात गेला.

मुलीच्या छातीत काही निघालं नाही याचा आनंद मला कळतो. तेवढी दुष्ट मी नाही. पण पेढ्यांबरोबर दुसरी एक गोष्ट घरात आली. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मुलगी नॉर्मल, आणि मुलगी नॉर्मल म्हणजे जे होतंय ते ढोंग. सोमवारी ती कॉलेजात. पुन्हा छातीत दुखतंय म्हणाली की वहिनी फाइल काढून तिच्यापुढे ठेवायची. "हे बघ. इथं डॉक्टरांनी लिहिलंय काय? आणखी काय पायजे तुला?" मग पोरीनं सांगणंच बंद केलं. कॉलेजच्या बाथरूममध्ये जाऊन श्वास मोजायची. हे मला तिनं नंतर सांगितलं.

वहिनीनं उपाय केले नाहीत असं नाही. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. डोक्याला ब्राह्मीचं तेल. रोज सकाळी भिजवलेले बदाम, सोलून, मोजून, बुद्धीसाठी. मेंदूत भीतीचं जे ठाणं असतं ते बदामाएवढं, बदामाच्याच आकाराचं असतं. मी हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. त्या एवढ्याशा ठाण्यानं पोरीचं घर पेटवलेलं, आणि आम्ही वरून बदाम चारत होतो. मी एकदा चिडून ती वाटी सिंकमध्ये ओतली. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी एका मनोविकारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. भावानं ती रद्द केली. पुन्हा घेतली, पुन्हा रद्द. मी एकटी घेऊन गेले असते, पण मुलगी अठराच्या आतली. आईवडलांपैकी कुणीतरी हवं, असं बाईंनीच फोनवर सांगितलं. भाऊ म्हणाला, "अक्का, तिथं वेटिंगमध्ये आपल्यातलं कुणी भेटलं तर? उद्या हिचं लग्न करायचंय. झाकली मूठ सव्वा लाखाची." सोळा वर्षांच्या मुलीला श्वास घेता येत नाही आणि बापाला तिच्या लग्नाची काळजी. त्यातून ज्या मुठीत पोरीचा जीव गुदमरतोय ती झाकून ठेवायची. सव्वा लाखाची म्हणे.

मग नवस फेडायचा दिवस आला. पौर्णिमा गुरुवारी होती. भावानं ऑफिसातून रजा काढली आणि मुलीचीही कॉलेजातून रजा काढली. चक्कर येते म्हणाली तेव्हा रजा नव्हती, श्वास अडकला तेव्हा नव्हती. देवासाठी मात्र एका फोनवर मिळाली.

सकाळी केळीचे खांब बांधले, चौरंग मांडला. जुन्या पेटेतून आमची काकू आली. घरातलं शेवटचं वडीलधारं माणूस, तिच्यापुढे भाऊ मान वर करत नाही. वरच्या मजल्यावरची पुण्याची एक आयटीतली बाई आली, आणखी चार-सहा शेजारी आले. भाऊ आणि वहिनी पूजेला बसले. भाची शेजारी, नवी साडी नेसून, कारण पूजा तिच्यासाठी होती.

गुरुजींनी संकल्पात आधी तिच्या आरोग्याचं म्हटलं. ते म्हणून झाल्यावर भाऊ मध्येच बोलला, "गुरुजी, मेडिकल सीटचंपण घाला. सोमवारपासून संध्याकाळची जास्तीची बॅच लावलीय. आता तब्येत बरी आहे, पुढच्या बाकावर येईलच ती."

जास्तीची बॅच हे तिला तिथे, सगळ्यांसमोर कळलं. मी तिच्याकडे बघत होते. तिनं आधी पदर चुरगाळला, मग तोंडानं श्वास घ्यायला लागली. कथा सुरू झाली होती. नवस विसरणाऱ्याचं काय होतं ते गुरुजी वाचत होते, आणि ती मध्येच उठली, दोन पावलं गेली आणि भिंतीला धरून खाली बसली. बोटं पुन्हा आखडली. मी धावले. "श्वास सोड. मी आहे. आधी सोड."

"उपवास आहे ना, चक्कर आली," भाऊ पाहुण्यांना म्हणाला.

"ओव्हरथिंकिंग आहे हो," पुण्याची बाई म्हणाली. "टीनएजमध्ये होतं. माझ्या मुलाचा स्क्रीन टाइम कट केला, एकदम नॉर्मल झाला."

मी तोंड उघडलं आणि मग मला आवरता आलं नाही. म्हणाले, "हा उपवास नाही आणि फोनही नाही. हा पॅनिक अटॅक आहे. पहिला नाही. हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर असतो. अशी डॉक्टर या शहरात आहे, तिची वेळही मिळते, फक्त या घरातल्या माणसांना लाज वाटते." गुरुजी थांबले. कुणीतरी पंखा मोठा केला.

काकूवर माझ्या बोलण्याचा काही परिणाम झाला नाही. तिला एकच दिसत होतं, की कथा अर्धवट सोडून मुलगी उठली. तीही प्रेमानंच म्हणाली, हे मला कबूल करायला हवं. भाचीचा श्वास स्वल्प शांत झाल्यावर तिनं तिला दंडाला धरून चौरंगापुढे आणलं. "सरी, बरं, झालं ते झालं. देवानं तुला बरं केलं आणि तू असं उठून गेलीस. हात जोड. म्हण, चुकलं माझं."

भाचीनं हात जोडले. मग देवाकडे न बघता, आपल्या बापाकडे बघत म्हणाली, "मी देवाकडे दुसरंच मागितलं होतं, अप्पा. त्या दिवशी हॉस्पिटलात तुम्ही हात जोडलेत ना, तेव्हा मीपण जोडले."

"काय मागितलंस?"

"काहीतरी निघू दे म्हटलं. रिपोर्टमध्ये. हार्टला भोक असलं तरी चालेल."

वहिनीच्या तोंडून आवाज निघाला. भाची बोलतच राहिली, सपाट आवाजात, वर्गात उत्तर म्हणून दाखवावं तशी. "मग तुम्ही मला घरी ठेवलं असतं. सगळे म्हणाले असते, बिचारी आजारी आहे. तुम्ही पेढे आणलेत तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले."

मी आयुष्यात खूप बोलले आहे, चारचौघांत बोलले आहे, मोठ्यांना बोलले आहे. त्या वेळीही माझ्या अंगाची लाही लाही होत होती, पण ओरडायला समोर कोणी उरलं नव्हतं. काकूनं तिचा दंड सोडला होता. भाऊ पूजेच्या पाटावरच बसून होता, सोवळं नेसलेला, हातात अक्षता तशाच.

शेवटी तो म्हणाला, "अक्का, त्या डॉक्टर बाई किती वाजेपर्यंत बसतात?"

"चारपर्यंत."

त्यानं अक्षता वाहिल्या आणि तो उठला. गुरुजी म्हणाले, अजून कथा आणि आरती राहिली आहे. काकू म्हणाली, निदान प्रसाद घेऊन जा. वहिनीनं कुणाचं ऐकलं नाही. तिनं मुलीच्या पायात स्वतःच्या हातांनी चपला घातल्या, ती लहान असताना घालायची तशा. शेजाऱ्यांनी खाली बघत वाट दिली.

आम्ही चौघं लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं तेव्हा भाचीनं माझी बाही ओढली. "आत्या, या डॉक्टरांनीपण काही नाही म्हटलं तर?"

एवढ्याशा पोरीला आपण आजारी नसण्याची भीती वाटत होती. मला त्या कॉलेजचा, त्या बाकांचा, आमच्या सगळ्या खानदानाचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलणार तेवढ्यात भाऊ बोलला, दाराकडे तोंड करून, आमच्याकडे न वळता.

"तरी उद्या तू कॉलेजला जाणार नाहीस."